चिंचेच्या वर

माझ्या सासऱ्यांना डोंगराचा नाद होता असं मी कोणाला सांगितलं, की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोणत्या देवाला जायचे?" या प्रश्नाचा मला वीट आला आहे. देवाला नाही हो, डोंगराला, असं सांगून सांगून तोंड दुखलं. तरी ऐकणारा मान हलवतो आणि म्हणतो, "पण वर देव असेलच ना?" होता, वर देव होता. त्याला आम्ही काय करणार!

आमच्या वऱ्हाडात माणूस उगाच कुठे जात नाही. बाजाराला जातो, लग्नाला जातो, मयतीला जातो, लाकडं तोडायला जातो, नवस फेडायला जातो. नुसतं चढायचं म्हणून चढणाऱ्या आणि उतरायचं म्हणून उतरणाऱ्या माणसाला आमच्याकडे बह्याड म्हणतात. माझे सासरे तसे बह्याड होते. त्यांचं नाव डोमाजी. मी त्यांना मामाजी म्हणत असे.

मामाजी अमरावतीला एका जिनात तेलवाले होते. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं हंगामात दिवसरात्र धडधडत असतात. त्यांच्या सांध्यांत वेळेवर तेल घालत फिरायचं, हे त्यांचं काम. दिवाळीच्या सुमारास कापूस येऊ लागला की थेट उन्हाळ्यापर्यंत ते त्या धुरळ्यात असत. पाळीवरून घरी येत तेव्हा भुवयांत रुई, कानांत रुई, मिशीत रुई. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई मनकर्णाबाई, त्यांना दारातच उभं करून फडक्यानं झटकत. अंगावरची रुई झटकता येते, छातीत बसलेली कशी झटकणार? खोकल्याची उबळ आली की मामाजी भिंतीला हात लावून उभे राहत आणि आम्ही घरातली माणसं हातातलं काम थांबवून ती संपायची वाट पाहत असू. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हवा बदला. डॉक्टर हे सगळ्यांनाच सांगत असावेत. पण मामाजींनी ते मनावर घेतलं, आणि चांगली हवा त्यांच्या लेखी जगात एकाच ठिकाणी होती, झिरीच्या पहाडावर.

हा पहाड शेंदूरजनाघाट गावाच्या पलीकडे, सातपुड्याच्या पहिल्याच रांगेत. मामाजींचं मूळ गाव वरूडकडचं. त्यांची सगळी वस्ती दर शिवरात्रीला बैलबंड्या जुंपून तिथल्या महादेवाच्या यात्रेला जात असे. देवळाच्या वरच्या अंगाला खडकातून पाणी झिरपतं, तीच झिरी. भर उन्हाळ्यात ती आटत नाही आणि तिचं पाणी दातांना झोंबतं. झिरीच्या वर सपाट कातळ आहे. त्यावर उभं राहिलं की एका अंगाला सगळा वऱ्हाड दिसतो आणि दुसऱ्या अंगाला डोंगरामागे डोंगर. मामाजी हे इतकं रंगवून सांगत की मी एकदा पीठ मळता मळता सहज विचारलं, "झिरीचा कुंड केवढा हाय मामाजी?"

"मले काय मालूम?" ते म्हणाले. "मी थोडीच पाह्यली! आयकली हाय."

माझा हात पिठातच राहिला. वीसेक वर्षं यात्रेला गेलेला माणूस, आणि झिरी पाहिलेली नाही?

"काहून नाई पाह्यली?"

"नाई जमलं," एवढंच ते बोलले.

मला वाटलं, बंड्या आणि बैल राखायला मागे राहत असतील. मी अकोल्याच्या जुन्या शहरात वाढलेली. मोर्णा नदी ओलांडून नव्या बाजूला जायचं तरी आमच्या घरी दहा कारणं द्यावी लागत. यात्रा कशी असते, तिथे कोण कुठपर्यंत जातं, हे मला कुठून कळणार? पण एक गोष्ट कळली. या माणसाला मरायच्या आत एकदा ती झिरी पाहायची होती, वरच्या कातळावर उभं राहून छातीभर हवा घ्यायची होती. याखेरीज त्यांनी कधी कोणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

छप्पन साली मामाजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. घरातले देवांचे टाक त्यांनी स्वतःच्या हातानं नदीत सोडले. यात्रा बंद झाली. त्यांना देवाची आठवण कधी आली नाही, पहाडाची मात्र यायची. शेवटी त्यांनी देवमनजींना विचारलं. देवमनजी आमच्या वस्तीतले वडीलधारे, विहाराचं सगळं तेच पाहत.

"देव सोडला तं पहाड बी सोडाव लागते काय?" मामाजींनी विचारलं.

देवमनजींनी तोंडातलं पान गालात सरकवलं. "पहाडानं काय घोडं मारलं?" ते म्हणाले. "जाय तू. पन यात्रेत जाऊ नको. नि जाशीन तं रिकाम्या हातानं जाय. हातात नारळ नाई, उदबत्ती नाई. नाई तं उद्या लोक म्हनतीन, डोमाजी लपूनछपून महादेवाले जाते. मंग आमी लोकाईले काय सांगाव?"

"रिकाम्या हातानंच जाईन," मामाजी म्हणाले, आणि हा शब्द त्यांनी गाठीला बांधला.

दिवस त्यांनी मोठ्या हुशारीनं निवडला होता. दसरा झाल्यावर आणि जिन सुरू व्हायच्या आधी. त्या दिवसांत पहाडावर काळं कुत्रं नसतं. पण हुशारी एकीकडे आणि नशीब दुसरीकडे. पहिल्या वर्षी मोटार मोर्शीच्या अलीकडेच बसली ती उठलीच नाही. दुसऱ्या वर्षी ते वरूडपर्यंत पोचले, तर मोटारी उभ्या राहतात तिथेच जानराव भेटला. जानराव आमचा लांबचा सोयरा. आमच्याकडे सोयऱ्याच्या गावावरून जाऊन त्याच्या घरी जेवलं नाही तर पुढची दोन लग्नं रुसण्यात जातात. जानरावानं हाताला धरून घरी नेलं, त्याच्या बायकोनं पुरण शिजायला टाकलं, आणि पहिली पोळी पानात पडली तेव्हा शेंदूरजन्याची मोटार निघून गेली होती. मामाजी तुपातल्या पोळ्या खाऊन आणि शिव्या गिळून परत आले.

एकसष्ट साली माझं लग्न झालं, आणि त्या वर्षी मामाजींबरोबर जाण्याचं माझ्या गळ्यात आलं. खोकला वाढला होता, एकट्यानं सोडवत नव्हतं. माझा नवरा शेषराव, त्याला नोकरीतून रजा नव्हती. आत्याबाईंचे गुडघे धरलेले. उरले कोण? मी. मला चढाचा भारी कंटाळा, हे मी कोणापासून लपवलं नव्हतं. पण नव्या सुनेला कंटाळा असून चालतो थोडाच! दुसऱ्या दिवसापासून जिन सुरू होणार होतं, म्हणजे त्याच दिवशी परत येणं भाग होतं. पहिल्या पाळीला हजर नसलेल्या माणसाची जागा हंगामभर दुसऱ्याची होते.

पहिली मोटार पहाटे निघायची ती चांगलं उजाडल्यावर निघाली, कारण ड्रायव्हर चहाला गेला होता आणि चहावाल्याची चूल पेटत नव्हती. मोर्शीच्या पुढे चाक बसलं. सगळे उतरले, बाया बांधावर बसल्या, बाप्ये चाकाभोवती उभे राहून सल्ले देऊ लागले. मामाजी रस्त्याच्या मधोमध उभे राहून उत्तरेकडे पाहत होते. तिकडे सातपुड्याची निळी रेघ दिसत होती. "जवळच हाय," ते म्हणाले. जवळ असेल, पण चाक लागल्याशिवाय तिचा काय उपयोग!

कंडक्टर बोलका होता. "कोनीकडे बुवा?" त्यानं विचारलं. झिरीचा पहाड म्हटल्यावर म्हणाला, "यात्रा तं शिवरात्रीले असते. तुमी आताच कसे?" मामाजींनी सांगितलं, "फिराले." कंडक्टरनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आवाज खाली आणून मला म्हणाला, "बुवाले संभाळून नेजा हो बाई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वरूडला मोटार बदलेपर्यंत उन्हं चढली होती. संत्र्याचा बहर सुरू झालेला. टपावर करंड्या, पायांत करंड्या, मांडीवर करंड्या. जानराव दिसतो की काय या धास्तीनं मामाजी डोक्यावरून शेला घेऊन बसले होते. आमच्या बाकावर एक म्हातारी आली. हातात पिशवी, पायांत जाड तोडे. सुभद्राबाई तिचं नाव, शेंदूरजन्याच्या एका बागेच्या मालकाची आई. हे तिनं बसायच्या आधीच सांगून टाकलं आणि मग आमच्याकडे वळली.

"कोनीकडे पाव्हने?"

"झिरीच्या पहाडावर," मामाजी म्हणाले.

"महादेवाले?"

"नाई बाई. फिराले."

"फिराले म्हंजे?"

"म्हंजे वर चढाचं नि खाली उतराचं."

म्हातारीनं थोडा विचार केला. तिला ते पटलं नाही, पण तिला त्याच्याशी कर्तव्यही नव्हतं. तिनं पिशवीत हात घालून एक नारळ काढला. "देवच पावला," ती म्हणाली. "माह्या सुनेचा नवस हाय. तीन लेकरं हाती लागले नाई, हे चौथं जगलं. माह्यानं चढनं होत नाई, नि घरच्या मानसाईले बागेतून उसंत नाई. एवढा माहा नारळ वर घेऊन जाजा."

मामाजींनी दोन्ही हात मागे घेतले. "बाई, आमी बौद्ध हाओ. आमी देवाले जात नाई."

"तुमी कोनी बी असा," म्हातारी म्हणाली, "वर तं जाऊन राहिले ना? तुमाले पाया पडाले कोन सांगते? नेऊन देजा, नि अर्धा मले आनून देजा. मी मोटारीपाशी येऊन उभी राहतो."

आमच्या भागातली ही जुनी रीत आहे. देवाकडे निघालेल्याच्या हाती आपला नारळ द्यायचा आणि त्यानं तो न्यायचा. त्यातून लेकराचा नवस. नाही म्हणणं म्हणजे त्या लेकराच्या जिवावर उठणं. झालं, सगळी मोटार आमच्यावर तुटून पडली. "न्या ना बुवा." "तुमचं काय जाते?" "लेकराचं काम हाय." मी मामाजींना कोपरानं ढोसत होते, "नाई म्हना, नाई म्हना." त्यांनी नाही म्हणायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात म्हातारीनं त्यांचा हात आपल्या हातात ओढून घेतला, तळव्यावर नारळ ठेवला आणि त्यांची बोटं मिटवली. मामाजींचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पुढे शेंदूरजना येईपर्यंत ते नारळ तसाच तळव्यावर धरून होते.

मोटार निघून गेली, सुभद्राबाई घराकडे गेली, आणि मी भडकले. रिकाम्या हातानं जाणार होते ना? देवमनजींना काय शब्द दिला होता? वाटेत ओळखीच्या कोणी हातात नारळ पाहिला तर तोंड कुठे लपवणार?

"तिनं हातात देल्ला व पोरी," मामाजी म्हणाले. "हातात."

"मंग काय झालं?"

"माह्या मायच्या हातात कोनी काई देल्लं नाई कधी. भुईवर ठेवत. मंग तिनं उचलाव."

पण राग काही गेला नाही. उलट वाढला, कारण आता तो कोणावर काढावा हेच कळेना. मामाजींनी नारळ धोतराच्या सोग्यात बांधला आणि म्हणाले, "वर चिंचेपाशी गुरव असते. त्याले देऊ, नि मंग रिकाम्या हातानं पुढं जाऊ." ठीक आहे म्हटलं. चालू लागलो.

बागा संपल्या, नाला ओलांडला, आणि कमरेएवढं वाळकं गवत सुरू झालं. माझ्या लुगड्याला खालपासून गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटली. दर पावलाला टोचत होती, काढली की दुप्पट लागत होती. वर ऊन. नारळ मामाजींच्या पोटाशी डुगडुगत होता आणि तो दिसला की माझं डोकं पुन्हा फिरत होतं. पण एक खोटं सांगणार नाही. मामाजी त्या दिवशी वेगळेच होते. घरी दहा पावलं टाकली की भिंत शोधणारा हा माणूस माझ्या पुढे, काठी न घेता, चढत होता. वाटेत आवळीवर चढू पाहत होता. "हा धावडा. हा मोहा. हा रानआवळा, खाय, वरतून पानी पे, गोड लागते." सागाची पानं वाजली की थांबून ऐकायचे. वानरांचं एक खांड झाडावरून आमच्याबरोबर चाललं होतं, त्यांच्याशीही बोलत होते. मी पाणी प्याले, खरंच गोड लागलं. पण कौतुक करायच्या मनःस्थितीत मी नव्हते.

चढाच्या मध्यावर एक सपाटी आली. तिथे म्हातारी चिंच, तिच्याखाली दगडांची एक ओळ. तिथून वाट वळून कड्याला लागत होती. देऊळ आणखी वर, झिरी त्याच्याही वर. मामाजी चिंचेखाली आले आणि उभे राहिले. दगडांच्या ओळीच्या अलीकडे, बरोबर तिच्या काठावर.

गुरवाचा पत्ता नव्हता. बराच वेळ हाका मारल्या. मग वरून एक शेळ्यावाला उतरत आला. म्हणाला, "गुरव आज कुठला? तो सोमवारी येते." नारळ वर ठेवून येतोस का विचारलं, तर म्हणाला, आत्ताच तर उतरून राहिलो, शेळ्या पांगतील. "तुमीच जा ना वर," जाता जाता तो म्हणाला. "कोन अडवते आता?"

तो गेल्यावर मी मामाजींना म्हटलं, "चला, नेऊन ठेवू नि मोकळे होऊ."

"नाई," ते म्हणाले. "नारळ घेऊन या चिंचेच्या वर मी जानार नाई. नारळ घेऊन गेलो म्हंजे देवालेच गेलो. मी शब्द देल्ला हाय."

"मंग इथंच ठेवा, येताना उचलू."

त्यांनी वर पाहिलं. वानरं फांद्यांवर ओळीनं बसून नारळाकडेच टक लावून होती. "दुसऱ्याचा हाय," ते म्हणाले. "लेकराच्या नावाचा हाय."

"मंग माह्याकडे द्या, मी नेतो," असं मी म्हणायला हवं होतं ना? नाही म्हटलं. माझे वडील अकोल्याला लोकांना बावीस प्रतिज्ञा वाचून दाखवत, आणि मी त्यांची लेक महादेवाला नारळ नेऊ? मीही हटूनच बसले. आम्ही दोघं हट्टी माणसं, मध्ये तो नारळ, आणि वर सूर्य कलत चाललेला. कोणी येईल म्हणून वाट पाहत राहिलो. कोण येणार? काळं कुत्रं नसतं म्हणूनच तर तो दिवस निवडला होता!

"तुमी यात्रेले येत तवा बी बंड्या इथंच सोडत काय?" मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"बंड्या खाली नाल्यापाशी," मामाजी म्हणाले. "इथं आमी राहो. बाकीचे लोक वर जात. आमच्या वस्तीनं या दगडाच्या अलीकडं बसाचं. नारळ गुरवाच्या मानसाले द्याचा, तो वर नेऊन फोडे, नि अर्धा वापस आनून इथं ठेवे. तवरक बसून राहाचं. वरतून येनारे सांगत, झिरीले असं पानी हाय, तसं पानी हाय. आमी आयको."

मी त्या दगडांच्या ओळीकडे पाहिलं. गुडघ्याएवढेही उंच नव्हते. ते ओलांडायला काही लागत नव्हतं. मघापासूनचा सगळा राग नाहीसा होऊन दुसराच एक भरला. देवाचा राग, गावाचा राग, त्या म्हातारीचा, त्या मोटारीच्या चाकाचा, माझा स्वतःचा.

"मामाजी, उठा," मी म्हटलं. "नारळ माह्यापाशी द्या. मी इथं बसतो. तुमी रिकाम्या हातानं वर जा, झिरी पाहा, कातळावर उभे राहा नि या. आता गेले तं मोटार सापडते. उठा."

त्यांना ते पटलं. एवढी साधी गोष्ट आधी सुचू नये, याचं दोघांनाही हसू आलं. त्यांनी सोगा सोडला, नारळ माझ्या मांडीवर ठेवला, आणि दगड ओलांडले. ओलांडताना धोतर दोन्ही हातांनी वर धरलं होतं, नाला ओलांडतात तसं. मग भराभर चढू लागले. मी पाहत होते. त्यांची पाठ ताठ झाली होती. वळणापर्यंत गेले. तिथे थांबून त्यांनी एकदा मागे पाहिलं. मी हात हलवला, जा म्हणून. ते तसेच उभे राहिले. मग परत फिरले आणि खाली येऊ लागले.

मला वाटलं, छातीत कळ आली. नारळ घेऊन मी धावतच दगडांपर्यंत गेले. पण त्यांना काही झालं नव्हतं.

"काहून आले वापस?" मी अक्षरशः ओरडले. "वरच होतं ना आता!"

"देऊळ दिसलं," ते म्हणाले. "झिरीचा आवाज बी आला. पन मांगं पाह्यलं, तं तू इथं बसून. मांडीवर नारळ घेऊन. मले माही माय दिसली व पोरी. ती अशीच बसे."

"मी तं माह्या मनानं बसली होती!"

"हो. पन कोनाले तरी चिंचेखाली बसवूनच वर जाचं असन, तं त्याइच्यात नि माह्यात काय फरक राह्यला?"

माझी प्रतिज्ञा, माझे वडील, सगळं मी त्या क्षणी बाजूला टाकलं. "मी नेतो नारळ वर," मी म्हटलं. "दोघं जाऊ. ठेवू त्या देवासमोर नि जाऊ झिरीवर. चला." आणि मी दगड ओलांडलेसुद्धा. पण मामाजी उन्हाकडे पाहत होते. चिंचेची सावली पार सपाटीच्या टोकाला गेली होती. शेवटची मोटार दिवस बुडायच्या आत सुटायची, आणि सकाळी पाळी होती.

"आता मोटार चुकन," ते म्हणाले. "पुढच्या सालाले येऊ. दोघं सोबत जाऊ वर."

आम्ही उतरलो. मी सगळ्या वाटेनं रडत होते आणि कुसळं टोचतात म्हणून रडते असं सांगत होते. पुढच्या सालानं काही आमचं ऐकलं नाही. त्या हंगामात मामाजींची छाती अशी धरली, की पुढच्या दसऱ्याला ते विहारापर्यंतही पायी जाऊ शकले नाहीत. पासष्ट साली गेले. झिरी त्यांनी पाहिली नाही. मीही पाहिलेली नाही. मोटार आता थेट पायथ्यापर्यंत जाते म्हणतात. जाऊ दे.

त्या संध्याकाळी मोटार सुटायच्या बेतात होती, आणि सुभद्राबाई कबूल केल्याप्रमाणे येऊन उभी होती. प्रसादाला पितळेची वाटी आणि आमच्यासाठी ओटीभर संत्री घेऊन. मामाजींनी सोग्यातून नारळ काढला आणि अख्खाच्या अख्खा तिच्या हातात ठेवला.

"वर नाई जाता आलं बाई," ते म्हणाले. "चिंचेपासून वापस आलो."

"इथवर येऊन?" म्हातारीचा चेहरा उतरला. संत्री तिनं ओटीतच ठेवली. "काहून? अडवलं काय कोनी?"

"नाई," मामाजी म्हणाले. "आता कोनी अडवत नाई."

"मंग?"

कंडक्टरनं घंटी मारली. मामाजी मोटारीत चढले, आणि मी त्यांच्या मागून.